वयाचो दोष

जेम्स जॉइसच्या ‘अ‍ॅरबी’ या कथेतला मुलगा बाजारात पोचतो तेव्हा रात्रीचे दहा वाजायला दहा मिनिटं असतात. बहुतेक गाळे बंद झालेले, सभागृह अर्ध्याहून अधिक अंधारात, आणि प्रार्थना आटोपून माणसं निघून गेल्यावर चर्चमध्ये पसरते तशी शांतता. मित्राच्या बहिणीला त्यानं शब्द दिलेला असतो की मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. एका उघड्या गाळ्यापाशी तो चिनी मातीच्या फुलदाण्या आणि फुलांच्या नक्षीचे चहाचे सेट बघत उभा राहतो. गाळ्यावरची तरुणी दोन पुरुषांशी थट्टामस्करीत गुंतलेली आहे. ती पुढे येऊन काही घ्यायचंय का विचारते, पण तिला ते विचारायचंच नसतं हे आवाजावरून कळतं. तो नको म्हणतो, उगाच थोडा रेंगाळतो आणि निघतो. दिवे गेले, अशी हाक कुठूनशी येते. त्या काळोखात वर बघताना त्याला स्वतःविषयी जे दिसतं ते फार कठोर आहे. आपण म्हणजे पोकळ अहंकारानं फरपटत नेलेला, हसं झालेला एक जीव, असं तो ठरवतो. दुःखानं आणि संतापानं त्याचे डोळे जळतात आणि कथा संपते.

जॉन अपडाइकच्या ‘ए अँड पी’मधला सॅमी एकोणीस वर्षांचा आहे. बॉस्टनच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या सुपरमार्केटमध्ये तो गल्ल्यावर उभा असतो. उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी पोहण्याच्या कपड्यांतल्या तीन मुली दुकानात शिरतात. पुढे चालणारी मुलगी अनवाणी. तिला तो मनातल्या मनात ‘क्वीनी’ असं नाव देऊन मोकळा होतो. मॅनेजर लेंगेल त्या मुलींना सगळ्यांदेखत सुनावतो की हा काही समुद्रकिनारा नाही, इथे यायचं तर नीट कपडे घालून या. मुलींची मान खाली जाते. सॅमी म्हणतो, मी नोकरी सोडली. मुलींच्या कानांवर ते पडावं अशी त्याची इच्छा असते, पण त्या न थांबता दाराबाहेर निघून जातात. तो एप्रन आणि बो-टाय उतरवून बाहेर येतो तर मुलींचा पत्ता नाही. मोटारीजवळ पोरांवर ओरडणारी एक तरुण बाई तेवढी दिसते. यापुढे जग आपल्याला किती जड जाणार आहे, हे त्याला तिथे उभ्या उभ्या उमगतं.

पहिली कथा १९०५ साली लिहिली गेली आणि ‘डब्लिनर्स’ या संग्रहातून १९१४ साली छापून आली. दुसरी १९६१ च्या जुलैत ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली. इंग्रजी साहित्याच्या वर्गांत या दोन कथा जोडीनं शिकवायची पद्धत जुनी आहे आणि शिकवण्याचं सूत्रही ठरून गेलेलं आहे. मुलगा भ्रमात होता, भ्रम फुटला, मुलगा शहाणा झाला. हे सूत्र मला मान्य नाही. या दोन मुलांना शेवटी जे कळलं ते शहाणपण होतं असं मी मानत नाही. निदान जॉइसच्या मुलाच्या बाबतीत तर ते दुसऱ्यांच्या चुकीचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेणं होतं.

आमच्या वेंगुर्ल्यात हेच सूत्र दोन शब्दांत सांगतात. एखाद्याचा मुलगा कुणा मुलीपायी जेवणावरून उठू लागला, संध्याकाळ झाली की एकटाच बंदरावर जाऊन बसू लागला, तर शेजारचे आजोबा आईची समजूत काढतात, “वयाचो दोष गो. जातलो आपसूक.” या बोलण्यात माया आहे, हे मी नाकारत नाही. पण एकदा ‘दोष’ म्हटलं की पुढचा विचार थांबतो. तो मुलगा काय बघत होता, त्याला काय हवं होतं आणि ते त्याला का मिळालं नाही, यातलं काहीच मग विचारावं लागत नाही. ताप उतरला की वैद्याचं काम संपतं.

म्हणून ‘अ‍ॅरबी’ पुन्हा वाचताना मी मुलाचं मन बाजूला ठेवून आधी त्याचा खिसा बघतो. जॉइसनं हिशेब चोख लिहिला आहे. शनिवारी रात्री बाजाराला जायचंय हे मुलानं काकाला सकाळीच आठवण करून सांगितलेलं असतं. काका उगवतो रात्री नऊला, स्वतःशी बडबडत. ओव्हरकोट अडकवल्यावर खुंटाळं हलतं आणि या खुणांचा अर्थ मुलाला चांगला ठाऊक आहे. काकाला सगळ्याचा विसर पडलेला असतो. काकूनं रदबदली केल्यावर मुलाच्या हातात एक फ्लोरिन पडतो, म्हणजे दोन शिलिंग, चोवीस पेन्स. आगगाडी रिकामीच आहे, पण सुटायला उशीर लावते. बाजारात मुलांसाठी सहा पेन्सचं दार असतं, ते त्याला सापडत नाही. बाजार बंद होईल या धास्तीनं तो एक शिलिंग देऊन मोठ्यांच्या दारानं आत शिरतो. परत फिरताना तो खिशातल्या सहा पेन्सच्या नाण्यावर दोन पेन्या पडू देतो. म्हणजे उरले आठ. चोवीसांतून बारा गेले दारावर, आठ खिशात, म्हणजे चार गाडीखर्चाला. चिनी मातीची फुलदाणी आठ पेन्सला मिळणार नव्हती.

या हिशेबात प्रेमाचा दोष मला कुठे सापडत नाही. काका वेळेवर आला असता तर बाजार उजेडात असता. सहा पेन्सचं दार सापडलं असतं तर खिशात चौदा पेन्स राहिले असते. गाळ्यावरच्या बाईनं गिऱ्हाइकाकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिलं असतं तर एखादी किरकोळ वस्तू मिळूनही गेली असती. मुलाच्या फजितीला उशीर, दारिद्र्य आणि मोठ्यांची बेपर्वाई ही तीन कारणं उघड्यावर पडलेली आहेत. तरीही शिक्षा कुणाला? मुलानं ती स्वतःलाच सुनावली आणि आम्ही वाचकांनी तिला आत्मज्ञान म्हटलं. ज्याच्या हातात काही नसतं तो सहसा असाच वागतो. परिस्थितीवर रागावण्याची त्याला सवय नसते आणि काकावर रागावण्याची मुभा नसते, म्हणून तो स्वतःवर रागावतो.

जॉइसच्या चरित्रातल्या काही तारखा इथे उपयोगी पडतात. ‘अ‍ॅरबी’ नावाचा बाजार डब्लिनमध्ये खरोखर भरला होता, १८९४ च्या मे महिन्यात, जर्व्हिस स्ट्रीट रुग्णालयाच्या मदतीसाठी. जॉइस तेव्हा बारा वर्षांचा होता आणि कथेतला मुलगा राहतो त्याच नॉर्थ रिचमंड स्ट्रीटशी त्याच्या घराचा संबंध होता. कथा मात्र त्यानं तेविसाव्या वर्षी लिहिली, डब्लिनपासून दूर, ट्रीएस्ट या बंदरात. तिथे तो एकटा नव्हता. हॉटेलात काम करणाऱ्या नोरा बार्नॅकल या मुलीला घेऊन त्यानं १९०४ च्या ऑक्टोबरात देश सोडला होता. हातात पैसा नाही, नोकरीचा भरवसा नाही, लग्नाची नोंद नाही. त्यांचं पहिलं मूल १९०५ च्या जुलैत जन्मलं आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ‘अ‍ॅरबी’ पुरी झाली. मुलीपायी सगळं सोडून निघालेल्या माणसानं ती लिहिली आहे. प्रेम म्हणजे निव्वळ अहंकार, हा निकाल त्यानं स्वतः कधी मानला नव्हता. तो निकाल एका मुलाच्या तोंडी घालून त्यानं आपल्याला दाखवलं की त्या शहरात मुलं स्वतःकडे कोणत्या नजरेनं बघायला शिकतात.

‘अ‍ॅरबी’ या नावानं मुलावर जी भुरळ घातली होती तिच्याबद्दल इथे बसून लिहिताना मला राहवत नाही. बंद गल्लीतल्या त्या मुलाला पूर्वेचं स्वप्न पडलं होतं. गाळ्याच्या काळोख्या दाराशी दोन मोठे रांजण पूर्वेकडच्या पहारेकऱ्यांसारखे उभे असतात, असं जॉइस लिहितो. ती पूर्व म्हणजे आम्ही. व्यापाराच्या ओढीनं डच लोक सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला आले आणि त्यांनी वखार बांधली. ती आजही उभी आहे, छप्पर गेलेली, भिंतींत झाडांची मुळं शिरलेली. तिच्या सावलीत वाढणाऱ्या मुलाला अर्थात पूर्वेचं स्वप्न पडत नाही. त्याला मुंबईचं पडतं. शंभर-दीडशे वर्षं आमच्या तालुक्यातल्या घरटी एका माणसाला मुंबईनं नेलं आणि दर मे महिन्यात त्यांतली काही माणसं पोराबाळांसह परत येतात. चाकरमान्यांची मुलगी अंगणात येऊन उभी राहते तेव्हा गावातल्या मुलाला तिच्यात ती मुलगीही दिसते आणि तिच्या मागचं अख्खं शहरही दिसतं.

सॅमीचं नेमकं हेच होतं. क्वीनी गल्ल्यावर मलईत मुरवलेल्या हेरिंग माशांची बरणी ठेवते, एकोणपन्नास सेंटची. आईनं आणायला सांगितली, एवढंच ती म्हणते. त्या एका वाक्याच्या उच्चारावरून सॅमीला तिचं घर दिसू लागतं. पांढऱ्या कोटातले पुरुष, सँडलमधल्या बायका, पुदिना आणि ऑलिव्ह घातलेले पेले. आणि लगेच त्याला आपलं घर आठवतं, जिथे पाहुण्यांना लिंबू सरबत मिळतं आणि फारच रंगात आलेली बैठक असली तर चित्रं काढलेल्या ग्लासांतून बियर. आमच्याकडे याच कुळीतले पेडवे आणि तारले गरिबाच्या ताटात असतात, तिकडे तोच मासा बरणीत जाऊन श्रीमंती दाखवतो. मासा कुठला हे गौण आहे. पोरवयातल्या मोहात समोरच्या माणसाबरोबर तिचं घर, तिची भाषा, तिची सुट्टीही आपल्याला हवीशी वाटते. आपण आहोत त्याहून वेगळे असू शकलो असतो, ही जाणीव त्यात असते. तिला नुसती वासना म्हणून निकालात काढणं मला लबाडीचं वाटतं.

वासना सॅमीत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्याची नजर ओंगळ आहे. कथेचा पहिला अर्धा भाग मुलींच्या शरीरांच्या वर्णनात जातो आणि मुलींना डोकं असतं की आत नुसती भुणभुण असते, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. एखाद्या विद्यार्थिनीनं ही पानं वाचून पुस्तक मिटलं तर मी तिला दोष देणार नाही. तरीही कथा पुढे वाचावी असं मी तिला सांगेन. मांस विकणारा मॅकमेहन त्या मुलींच्या पाठीकडे बघत, त्यांचे सांधे मोजल्यासारखा तोंड चोळतो, आणि त्या क्षणी सॅमीला मुलींची कणव येते. आपण जे करत होतो तेच दुसरा करताना दिसल्यावर त्याची नजर बदलते. त्यानंतर लेंगेल येतो. रविवारच्या शाळेत धर्म शिकवणारा, आईवडिलांच्या ओळखीचा, नियमावर बोट ठेवणारा. क्वीनी लाजेनं लाल होते. राजीनामा त्यानंतरचा आहे. म्हणजे सॅमीनं नोकरी सोडली ती भुलला म्हणून सोडली, इतकं ते सरळ नाही. भुलण्यापासून सुरू होऊन तो दुसऱ्याच्या अपमानापर्यंत पोचला होता.

त्यात दिखावा होता का? होता. मुलींनी ऐकावं म्हणून तो घाई करतो, हे तो स्वतःच सांगतो. पण दिखावा होता म्हणून ती कृती खोटी ठरत नाही. त्या दुकानात मुलींचा अपमान झाला हे इतर कुणाला दिसलंच नाही. गिऱ्हाइकं मेंढरांसारखी दुसऱ्या गल्ल्यावर गोळा होतात आणि तमाशा बघतात. एका मुलानं चूक ओळखली आणि किंमत मोजली. त्या मुलानं हेतू शुद्ध ठेवूनच उठावं, अशी अट आपण घालतो. मोठ्यांच्या एखाद्या चांगल्या कामाला आपण ही अट कधी घालतो? इथल्या कित्येक शाळा, ग्रंथालयं, देवळांचे जीर्णोद्धार नाव लागावं म्हणून उभे राहिले आणि तरी ते उपयोगी पडले.

दोन कथांतला फरक मला इथे सर्वांत जास्त जाणवतो. जॉइसचा मुलगा म्हणतो, मी वाईट आहे. सॅमी म्हणतो, जग कठीण आहे. पहिल्याच्या वाट्याला आलेलं डब्लिन गरीब आणि पाद्र्यांच्या धाकातलं होतं. त्याला प्रेमाची भाषाही चर्चमधूनच उसनी आणावी लागली. शनिवारच्या बाजारातल्या गर्दीतून तो आपलं प्रेम पूजेच्या पेल्यासारखं सांभाळत नेतो. जी भावना प्रार्थनेच्या शब्दांत उभी राहिली ती मोडली की माणसाला पापी वाटणारच. सॅमीच्या मागे युद्धोत्तर अमेरिकेची सुबत्ता आहे. एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल, आई घरी धुतलेला पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवते. म्हणून तो दुःखातही मान वर ठेवू शकतो. भ्रमनिरासाची जात माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या पायाखालच्या जमिनीवर ठरते, असं माझं मत आहे. आणि आमच्या किनाऱ्यावरची मुलं अजून तरी सॅमीच्या बाजूची नाहीत. शिकून घरी बसलेला, आंब्याच्या हंगामात बागेत आणि एरवी कुणाच्या तरी दुकानात राबणारा मुलगा एखाद्या मुलीपुढे गप्प राहतो तेव्हा माझीच लायकी नाही, असं म्हणतो. रोजगाराचा प्रश्न तो स्वतःच्या लायकीचा प्रश्न करून टाकतो आणि आपण वयाचो दोष म्हणून त्याला दुजोरा देतो.

आमच्याकडच्या जत्रेत ‘अ‍ॅरबी’तला मुलगा दर वर्षी भेटतो. पालखी फिरते, खाज्याच्या दुकानांपुढे झुंबड उडते, गॅसबत्तीच्या जागी आता एलईडीचे झगझगीत दिवे असतात. मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार सुरू होतो आणि पहाटे दहीकाल्यानं संपतो. मुलीची आई देवीची ओटी भरून, मुलीला घेऊन लवकर घरी जाते. मुलगा गूळ लावलेल्या खाज्याची पुडी हातात धरून रात्रभर रंगमंचापुढे बसतो, समोर लुगडं नेसलेला पुरुष राणी होऊन विलाप करत असतो आणि मुलाला तो विलाप आपलाच वाटतो. त्यालाही भाषा उसनीच घ्यावी लागते, कधी दशावताराची, कधी सिनेमाची, कधी भावगीतांची. मंगेश पाडगावकरांचा जन्म याच गावातला, १९२९ चा. मराठी मुलांच्या तीन पिढ्यांना प्रेमात पडल्यावर काय म्हणायचं ते ज्यांनी पुरवलं त्यांत ते अगदी पुढे होते. सकाळी ती खाज्याची पुडी बहुधा धाकट्या भावंडांच्या हाती लागते.

मग मराठी कथा-कादंबरीनं या मुलाचं काय केलं? वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं इथून जवळच शिरोड्याला शिक्षक होते. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ त्याच काळातल्या. १९३० साली मिठाचा सत्याग्रह त्यांच्या डोळ्यांसमोर झाला. त्यांच्या तरुणांचं प्रेम ध्येयाच्या आणि त्यागाच्या कसोटीला उतरावं लागतं, त्याशिवाय लेखक त्याला मान देत नाही. त्या काळाची ती गरज असेल. पण सत्याग्रहात नसलेल्या, नुसत्याच प्रेमात पडलेल्या मुलाला त्या जगात जागा अपुरी पडते. वेंगुर्ल्याजवळच जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांकडे ओढ आहे, पण ती नियतीच्या हातातली, माणसाला गिळणारी. छोट्या, साध्या, कुणाचंही वाटोळं न करणाऱ्या पोरवयीन मोहाला मराठीत आदरानं वागवणारे लेखक पुढे आले, प्रकाश नारायण संत लंपनच्या कथांतून आणि मिलिंद बोकील २००४ च्या ‘शाळा’ कादंबरीतून. ‘शाळा’तला, आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद मोठ्यांचं जग मुलांशी कसं वागतं ते बघतो. शेवटी त्याच्या मनात भरलेली वर्गातली शिरोडकर शाळा सोडून जाते, पण आपण मूर्ख होतो असं तो म्हणत नाही. जॉइसच्या मुलाला जे साधलं नाही ते मुकुंदला साधलं. त्याला दुःख झालं, पण त्यानं स्वतःला गुन्हेगार ठरवलं नाही. ‘शाळा’ मला म्हणूनच मोठी वाटते.

एक गोष्ट मात्र तिन्हींकडे सारखी आहे. मुलगी तिच्या नावानं येत नाही. जॉइसकडे ती मँगन या मित्राची बहीण, अपडाइककडे गल्ल्यावरच्या पोरानं बहाल केलेलं टोपणनाव, बोकिलांकडे वर्गातल्या हजेरीचं आडनाव, आणि तेही शिरोडा या गावनावावरून पडलेलं. मुलाच्या मोहावर इतकं लिहिलं गेलं, मी स्वतः इतका वेळ त्याचीच वकिली करतो आहे, पण ‘अ‍ॅरबी’त बाजाराला जायची इच्छा आधी बोलून दाखवते ती मुलगी. जाळीच्या कठड्याशी उभी राहून, मनगटावरची चांदीची बांगडी फिरवत ती विचारते, तू जाणार आहेस का, फार छान बाजार असतो म्हणे, मला जायला खूप आवडलं असतं. तिला जाता येत नाही, कारण त्याच आठवड्यात तिच्या कॉन्व्हेंटमध्ये धर्मसाधनेचे दिवस आहेत. मुलाला उशिरा का होईना दोन शिलिंग मिळाले, गाडी मिळाली, बाजाराचं दार मिळालं. तिच्या बाबतीत प्रश्न उशिराचा नव्हताच. जत्रेतून ओटी भरून घरी नेलेल्या मुलीसारखीच तीही भ्रमनिरास होण्याइतकी पुढे कधी गेलीच नाही.

सोमवारी सकाळी तिनं मुलाला विचारलं असेल, गेला होतास का, कसा होता बाजार? जॉइस ते लिहीत नाही. मुलानं काय सांगितलं असेल, याचा तर्क अनेकांनी केला असेल. मला तिचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्या गल्लीत बाजाराबद्दल खरं कुतूहल तिलाच होतं आणि तिच्या कुतूहलाला वयाचो दोष म्हणण्याइतकंही कुणी विचारात घेतलं नव्हतं. तिची कथा मराठीत लिहायची झाली तर ती जत्रेपासून सुरू करावी लागेल, आणि आईनं हात धरून घरी नेल्यावर पहाटेपर्यंत लांबून ऐकू येणारा मृदंग आणि झांज ती अंथरुणात जागी राहून कशी ऐकत होती, ते लिहावं लागेल. ती लिहायला इथलीच एखादी मुलगी हवी.